एल्डनकाका, आपण हयात असल्याबद्दल

मुलींचं वसतिगृह, माझ्या खोलीतल्या टेबलावरून,
मंगळवार

तीर्थस्वरूप एल्डनकाका यांना, पुतणी मारेन हिचा (हातमोजे काढून आणि दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन) नमस्कार.

पत्र लिहायला कारण असं घडलं की, तुम्ही जिवंत असल्याचं मला काल दुपारी कळलं. त्याबद्दल प्रथम तुमचं मनापासून अभिनंदन. त्याआधीचा सबंध आठवडा तुम्ही वारलेले होतात, आणि हे मला एकटीलाच माहीत असल्यामुळे सगळं दुःखही मला एकटीलाच करावं लागलं. तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते, पण तब्येतीची हकिकत तुमच्या शेजारच्या बर्निसबाईंनी फोनवर सविस्तर सांगितली आहे. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत, डॉक्टर छाती उघडून दुरुस्ती करायची म्हणतात, आणि तुम्ही सहीचा कागद उशाखाली घालून, भिंतीकडे तोंड करून पडला आहात. मी त्या विषयात पडणार नाही. हृदय तुमचं आहे. शिवाय गुरुवारी माझा ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर आहे, त्यामुळे मला डलूथच्या इस्पितळात येताही येणार नाही. तुम्ही कसे वारलात, एवढंच कळवायला हे पत्र.

आधी माझ्या शिक्षणाबद्दल, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तुम्ही गावभर ‘आमची मारेन डॉक्टर होतेय’ असं सांगत फिरता. काका, मी डॉक्टर होत नाहीये. मी जी पदवी घेते आहे ती चार वर्षांनी हातात पडली की मला डॉक्टर किंवा फिजिशियन असिस्टंट व्हायच्या रांगेत उभं राहायची परवानगी मिळेल. (नुसतं रांगेत उभं राहायला चार वर्षं शिकावं लागतं हे मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तुम्ही कॉफीचा कप खाली ठेवून माझ्याकडे बराच वेळ बघत बसला होतात.) असिस्टंट रुग्ण तपासतो, औषध लिहून देतो, टाके घालतो, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. पण तुमच्या मते असिस्टंट म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात शिडीवर चढून खिळे काढून देणारा, आणि पुतणीला शिडीवर चढवायचं जिवावर आल्यामुळे तुम्ही तिला थेट डॉक्टर करून टाकलंत. तेव्हापासून रविवारी चर्चच्या तळघरात मी कॉफी घ्यायला उभी राहिले की लोक बाह्या सारून अंगावरचे तीळ दाखवायला लागतात. मी गंभीर चेहरा करून ‘लक्ष ठेवा’ म्हणते. मला तेवढंच येतं.

आणि आतली गोष्ट अशी की मला भीती वाटते. अमुक एका गोष्टीची नाही, सगळ्याचीच. वर्गात ज्या आठवड्यात जो रोग शिकवतात तो त्या आठवड्यात मला होतो. मूत्रपिंडाच्या धड्यापासून मी मीठ सोडलं, फुप्फुसांच्या धड्यापासून जिना सोडला, आणि मेंदूचा धडा आला तेव्हा मला काहीच झालं नाही, याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. वृद्धाश्रमात जाऊन रुग्णसेवेचे तास भरावे लागतात. (आमच्याकडे माणसाला हात लावल्याचेसुद्धा तास लिहून घेतात.) तिथे एका आजीबाईंची नाडी मला सापडेना, तर मी किंचाळायच्या बेतात असताना त्यांनीच माझी बोटं उचलून योग्य जागी ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. हे मी आईला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं, पण वारलेल्या माणसाशी आठवडाभर बोलल्यावर भीड चेपते.

तर या सत्रात आम्हाला शवविच्छेदन लागलं. शिकवायला अमुंडसनबाई आहेत. उंच, काटकुळ्या, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे जास्तच धडकी भरते. त्यांच्या हॉलमध्ये ‘बॉडी’ हा शब्द उच्चारायचा नाही. टेबलावरच्या माणसाला ‘पहिला पेशंट’ म्हणायचं, कारण आयुष्यात ज्याच्याकडून आपण पहिल्यांदा शिकतो तो हाच. नाव सांगत नाहीत. चेहरा सत्र संपत येईपर्यंत कापडाखाली असतो. आता मला सांगा काका, मी हायस्कूल पास झाले तेव्हा आमच्या गॅरेजात पार्टी होती (तुमचा आणि आईचा बाबांच्या मागे राहिलेल्या बोटीवरून अबोला सुरू व्हायच्या आधीची शेवटची), तेव्हा केक खाता खाता सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं की, ‘पोरीचा पहिला पेशंट मीच, दुसऱ्या कुणी नंबर लावायचा नाही’? सगळे हसले, मीही हसले. मग त्याच वर्षी तुम्ही देहदानाचा कागद भरलात आणि चर्चच्या लुटफिस्कच्या जेवणात (लोक आधीच तो बुळबुळीत मासा कसाबसा गिळत असताना) उभं राहून जाहीर केलंत की मी मेलो की प्रार्थना नको, फुलं नकोत, मयतीनंतर तळघरात हॅमची सँडविचेस नकोत, कुणाला फोन करायचा नाही, गाडी बोलवायची आणि थेट कॉलेजात पाठवून द्यायचं. त्या दिवशी पुढे कुणी हसलं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी टेबलाशी उभी होते. शेजारी माझा जोडीदार कॉर्बिन. हा आइस हॉकीच्या संघात गोल अडवतो आणि दरवाज्याएवढा रुंद आहे. बाई आमच्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “हे तुमचे पहिले पेशंट. वय बहात्तर. जन्मभर लाकडाच्या गिरणीत काम केलं. हृदयविकाराने गेले.” चादरीबाहेर एक हात आला होता. डावा. त्याचं अंगठीचं बोट मधल्या पेरापासून तुटलेलं होतं.

तुमचं वय बहात्तर. तुमची गिरणी. आणि तुमचं ते बोट माझ्या जन्माआधी करवतीने खाल्लं, मी लहान असताना ते नाकपुडीला लावून तुम्ही सबंध बोट आत गेल्यासारखं दाखवायचात आणि मी हसून हसून दूध सांडायची. डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी आता पडणार एवढ्यात कॉर्बिन पडला. तो पडला की जागा बरीच लागते. सगळा वर्ग त्याच्याभोवती जमला, कुणी पाय वर धरले, कुणी वारा घातला, आणि त्या गडबडीत मी चादरीचं टोक धरून ‘काका’ म्हटलं ते कुणाच्या कानावर गेलं नाही.

त्या दिवसापासून मी तुमच्या घरी फोन करत होते. तुमचा तो स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा मोहरीच्या रंगाचा फोन वाजत राहायचा. (तुम्ही एरवीही चटकन उचलत नाही, महत्त्वाचं काम असेल तर माणूस थांबतो असं तुमचं म्हणणं. मी थांबले. एकदा तर मशीनभर कपडे धुऊन होईपर्यंत थांबले.) आईला विचारायची सोय नव्हती, कारण तुमचं नाव काढलं की ती बोटीवर येते. आणि टेबलावरचं माणूस ओळखीचं वाटलं तर ताबडतोब सांगा, टेबल बदलून देऊ, असा नियम बाईंनी पहिल्याच तासाला सांगितला होता. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाई हो तरी म्हणाल्या असत्या किंवा नाही तरी, आणि ‘हो’ ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. न विचारता तुम्ही निदान निम्मे जिवंत होतात. माझी भीती मला ओळखीची आहे काका, तिच्यासोबत मी कशीबशी राहू शकते.

मग मी काय केलं, तर तुमची व्यवस्था ठेवली. रोज सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये जायची, चादर सारखी करायची, आणि थोडं बोलायची. आधी हवापाणी, मग हॉकी, मग घरचं, कारण एकदम घरच्यावर आलेलं तुम्हाला चालत नाही. तुम्ही काहीच बोलत नव्हता, त्यामुळे तुम्हीच आहात हा संशय बळावत गेला. एकदा धीर करून बोटीच्या भांडणात आईची बाजू मांडली (खरं तर तिचंही काही अगदीच चुकलेलं नाही), तरी तुम्ही चिडला नाहीत, तेव्हा मात्र मला रडू कोसळलं. कॉर्बिनने दंडाचं काम सुरू केलं की मी पुस्तक धरून उभी राहायची आणि ‘हळू रे, दुखेल’ म्हणायची. तो बिचारा आधीच घाबरलेला, तो ‘सॉरी सर’ म्हणायचा. शुक्रवारी अमुंडसनबाईंनी वर्गापुढे माझं कौतुक केलं. म्हणाल्या, पेशंटशी कसं वागायचं ते मारेन हॉवलँडकडून शिका. मला तेव्हा सांगायचं होतं, पण मी नुसती चादर सारखी केली.

काल छाती उघडायची होती. कॉर्बिनने हात पुढे केला आणि माझं मलाच कळलं नाही, मी टेबल आणि तो यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले. “यांना हात लावायचा नाही,” मी म्हटलं. “हे माझे काका आहेत.” कॉर्बिनने चाकू ठेवला आणि टोपी काढली. (टोपी कागदाची होती, पण त्याने ती छातीशी धरली.) बाईंनी माझा दंड धरला आणि मला बाहेर बाकावर नेऊन बसवलं.

“काकांशी शेवटचं कधी बोललीस?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, या टेबलाशी पहिल्यांदा उभी राहिले त्याच्या आधीच्या रविवारी. तुम्ही नव्या ट्रकच्या टायरांबद्दल बोलला होतात.

“मारेन,” बाई म्हणाल्या, “आत आहेत ते गृहस्थ गेल्या हिवाळ्यापासून आमच्याकडे आहेत. शरीर टिकवायचं औषध नसांतून भरलं की कित्येक महिने थांबावं लागतं, हे तुला माहीत आहे. चाचणीत तू ते लिहिलं होतंस. पैकीच्या पैकी मार्क दिलेत मी.”

काका, हे खरं आहे. मी ते तीन रंगांच्या पेनांनी पाठ केलं होतं. परीक्षेपुरतं मला माहीत होतं की आज गेलेला माणूस आठवड्यात टेबलावर येऊच शकत नाही. पण परीक्षेत तुम्ही नव्हता. मी बोटाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, “माझे वडील गिरणीतच होते. आपल्या या भागात गिरणीत आयुष्य काढलेला आणि दहाही बोटं शाबूत असलेला म्हातारा मला दाखव. तो कारकून निघेल.”

जीव भांड्यात पडला. मी खानावळीत जाऊन बटाट्याच्या गोळ्यांचं हॉटडिश दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्यांदा घेतलेलं संपत आलं तेव्हा काट्यावरचा घास तसाच राहिला. टेबलावर तुम्ही नाही, हे ठीक. पण मग फोन का उचलत नाही? आठवडाभर मी भलत्याच माणसाच्या उशाशी बसले होते, आणि तुम्ही कुठे होतात ते कुणालाच माहीत नव्हतं. इतकी भीती मला टेबलाशीसुद्धा वाटली नव्हती. तशीच उठले आणि बर्निसबाईंना फोन लावला.

बर्निसबाई म्हणाल्या, “अगं, तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय त्यांनी, आणि मी शपथ मोडणारी बाई नाही. म्हणून मी फक्त एवढंच सांगते.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. अँब्युलन्स, डलूथ, तीन नळ्या, तुम्ही मोजे काढायलासुद्धा तयार नव्हता तेही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “डॉक्टरांना सांगतायत, माझी पुतणी डॉक्टर आहे, तिला विचारल्याशिवाय कशावर सही करणार नाही. डॉक्टर म्हणाले, मग विचारा. तर म्हणतात, तिला त्रास द्यायचा नाही, तिची परीक्षा आहे.”

एल्डनकाका, मी हे ऐकलं आणि मला तुमचं कौतुकच वाटलं. इतकी सोयीस्कर डॉक्टर आजवर कुणाला मिळाली नसेल. जिच्या परवानगीशिवाय पान हलायचं नाही आणि जिला परवानगी विचारायची नाही. दोन्हीकडून दार लावून घेतलंत आणि मधे आरामात पडलात. घाबरण्यात आपल्या घरात मीच पहिली असं मी समजत होते. तुम्ही माझ्या कितीतरी पुढे निघालात.

असो. वर म्हटल्याप्रमाणे मी ऑपरेशनच्या विषयात पडणार नाही. तुम्ही वडीलधारे आहात आणि मी एक विद्यार्थिनी आहे, जिची पदवी पुरी झाली तरी तिला कुणाला सल्ला द्यायचा अधिकार नाही. बर्निसबाई तुमच्या कुत्र्याला दोन्ही वेळ खायला घालतायत. ट्रकच्या काचेवर ताडपत्री टाकलीय. आई बरी आहे. (तिला मी काल कळवलं. ती बोटीबद्दल एक अक्षर बोलली नाही, नुसती फोन धरून होती.) पांघरूण घेत जा. मोजे काढा.

तुमची आज्ञाधारक पुतणी,
मारेन

ता. क. आज सकाळी मी हॉलमध्ये गेले होते. आधी त्या गृहस्थांची माफी मागितली, कारण आठवडाभर त्यांना भलत्याच घरच्या भानगडी ऐकाव्या लागल्या. मग छाती उघडली. मी पुस्तक नाही धरलं. बाईंनी त्यांचं हृदय माझ्या हातात दिलं. मुठीपेक्षा थोडं मोठं असतं काका, आणि वाटतं त्यापेक्षा जड. एक नळी मी बोटांत धरून पाहिली तर अंड्याच्या टरफलासारखी कडक लागत होती, दाबली तर चुरचुरली. माझ्या करंगळीच्या पेराएवढी असेल-नसेल, एवढीशी जागा. बाकीचं हृदय ठणठणीत होतं. मला त्याचाच राग आला. बाईंना विचारलं, हे दुरुस्त झालं असतं का? त्या म्हणाल्या, वेळेवर आले असते तर बहुतेक झालं असतं. मी विचारलं, मग आले का नाहीत? बाई म्हणाल्या, “घाबरले असतील. आणि घरच्यांनी फार आग्रह केला नसेल.”

ता. क. दुसरा. तेव्हा वरचं सगळं विसरा. तुम्ही तिथल्या डॉक्टरांना माझी पुतणी डॉक्टर आहे असं सांगितलंत ना? ठीक आहे. मग डॉक्टर या नात्याने सांगते, सही करा. माझ्या आयुष्यातला हा पहिला वैद्यकीय सल्ला आहे आणि तो देणं बेकायदेशीर असण्याची शक्यता आहे, म्हणून कुणाला दाखवू नका. यात धोका नाही असं मी म्हणणार नाही, तुम्ही ताबडतोब ओळखाल की मी शिकलेलं पाठ म्हणून दाखवतेय. धोका आहे. सर्जनबाईंना मी विचारून घेतलं, त्यांनी खरं ते सांगितलं. पण न करण्यात काय आहे ते मी आज सकाळी हातात धरून पाहिलंय. तुम्हाला भीती वाटते म्हणून तुम्ही भित्रे ठरत नाही. मला तर रोजच वाटते, आणि सकाळी उठून जावं लागतंच.

ता. क. तिसरा. सर्जनबाईंना मी कुठे भेटले हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वर ‘वसतिगृह’ लिहिलंय ते खोटं आहे. हे सगळं पत्र मी तुमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिलं. दुपारपासून इथेच आहे. कॉर्बिनने त्याच्या गाडीतून आणून सोडलं आणि तो खाली बसलाय, त्याला इस्पितळाचा वास सोसत नाही. नर्सबाई दोनदा विचारून गेल्या, आत का जात नाहीस? मी एकदा दारापर्यंत आले होते. तुम्ही चादर मानेपर्यंत ओढून, तोंड फिरवून, अजिबात न हलता पडला होतात, आणि माझा पाय पुढे उचलेना. मी इथूनच श्वास मोजायचा प्रयत्न केला, पण माझाच इतक्या जोरात चालला होता की तुमचा कळला नाही. आता नर्सबाई हे पत्र तुमच्या जेवणाच्या ट्रेवर ठेवून आत आणतील, पेनही ठेवायला सांगितलंय. सर्जनबाई म्हणतात, आज सही झाली तर उद्या सकाळी करतील. पण सहीचं मागाहून बघू. आधी उठून बसा आणि मला नावाने हाक मारा काका, बाहेर ऐकू येईल अशी. मी लगेच आत येते.